काठीचें माप

विटीदांडूच्या खेळांत आम्ही कधींच प्रवीण नव्हतों. तरीही त्या खेळांतील एक शहाणपण आमच्या आळींतील अगदीं ढ मुलालाही ठाऊक असे. तें हें कीं, दांडू ज्याचा त्यानें आपल्या हाताला बेतून करून घ्यावा. थोरल्या भावाचा दांडू धाकट्याला लांब पडे, विटी कोलतांना त्याचें टोंक जमिनीला घासे, आणि मग रडारड होई. यावर उपाय एकच. सुताराच्या दुकानीं जावें, त्याच्यापुढें हात पसरावा आणि ‘एवढा’ म्हणून सांगावें. सुतार मुलाच्या हाताकडे पाही, मुठीकडे पाही, आणि रंधा मारूं लागे. वय विचारीत नसे, इयत्ता विचारीत नसे. पुढें आम्हीं पदव्या मिळविल्या, तीस वर्षें मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविलें. आणि या सर्व खटाटोपांत सुताराचें तें शहाणपण कोठें गळून पडलें, तें कळलें नाहीं. तें गळून पडलें आहे एवढें मात्र वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं कळलें, आणि तेंही गोल्फच्या मैदानावर.

गोल्फ हा शब्द वाचून आमच्या कित्येक वाचकांच्या भुंवया उंचावतील. प्राध्यापकाच्या मिळकतीला झेंपणारा हा खेळ नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो पुढें सैन्यांत अधिकारी झाला, दहा वर्षांपूर्वीं आम्हांला पुण्याबाहेरच्या एका सरावाच्या मैदानावर नेलें. तेथें सभासद व्हावें लागत नाहीं. चेंडूंची टोपली भाड्यानें घ्यावी, एका जागीं उभें राहून ते एकामागून एक समोरच्या माळावर उडवावे, आणि घामेजून घरीं परत यावें, एवढाच कार्यक्रम. त्याची बदली झाली तेव्हां त्यानें आपल्या जुन्या काठ्या आम्हांस स्वल्प किंमतींत देऊन टाकल्या. इंग्रजींत या खेळाच्या काठीलाही क्लब म्हणतात आणि खेळणारांच्या मंडळालाही क्लबच म्हणतात. मंडळ परवडत नसल्यामुळें आम्हीं काठीवर समाधान मानलें.

आमच्या सौभाग्यवती एका शाळेंत गणित शिकवीत. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं नोकरी सोडली, आणि रविवारीं सकाळीं ‘घरांत बसून तरी काय करायचें’ म्हणून त्या आमच्याबरोबर मैदानावर येऊं लागल्या. पहिले तीन रविवार त्या बांकावर बसून पुस्तक वाचीत होत्या. चौथ्या रविवारीं पुस्तक मिटून म्हणाल्या, “अहो, मी एकदां मारून पाहूं कां?” आम्हीं उदार मनानें काठी पुढें केली. पहिला चेंडू जागचा हलला नाहीं. दुसरा घरंगळत दहा पावलें गेला. तिसरा मात्र असा सरळ आणि स्वच्छ निघाला कीं, शेजारच्या गृहस्थांनीं आपली काठी टेंकून मागें वळून पाहिलें.

“हें तूं कोठें शिकलीस?” आम्हीं विचारलें.

“वाईला. घाटावर तिघां भावांना विटीदांडूंत हरवीत असें मी.”

“एकोणतीस वर्षांत कधीं बोलली नाहींस!”

“तुम्हीं कधीं विचारलें नाहीं,” त्या म्हणाल्या, आणि चवथ्या चेंडूकडे वळल्या.

त्या वेळीं आम्हीं हें वाक्य विनोद म्हणून ऐकलें.

लौकरच आम्हीं स्वतःसाठीं नव्या काठ्या घेतल्या आणि जुन्या सौभाग्यवतींना दिल्या. नुसत्या दिल्या नाहींत. बायकांच्या काठ्या पुरुषांच्या काठ्यांहून साधारण एक इंच आंखूड असतात असें कोठेंसें वाचलें होतें, म्हणून एका कारखान्यांत नेऊन प्रत्येक काठीचा मुठीकडचा एकेक इंच कापून घेतला. आपण विचारी पति आहों अशी आमची त्या संध्याकाळीं पक्की समजूत झाली.

येथें एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. आमची उंची पांच फूट साडेपांच इंच आहे. सौभाग्यवतींची पांच फूट साडेसात. आमच्या लग्नाच्या छायाचित्रांत आम्ही दोघें सारख्या उंचीचीं दिसतों, याचें कारण छायाचित्रकारानें आम्हांला पाटावर उभें केलें होतें. तो पाट शालूच्या घोळामागें झांकला गेला आहे. हें छायाचित्र आमच्या बैठकींत एकोणतीस वर्षें टांगलेलें आहे. तरीही आमच्याहून दोन इंच उंच असलेल्या व्यक्तीसाठीं आम्हीं आमची काठी एक इंच आंखूड केली! ती व्यक्ति स्त्री होती एवढें एकच माप आमच्या डोक्यांत होतें, आणि तें एवढें भरभक्कम होतें कीं, समोर उभी असलेली बाई आम्हांला दिसली नाहीं.

परिणाम व्हायचा तोच झाला. आंखूड काठीमुळें सौभाग्यवतींना अधिक वांकावें लागे; हात खालीं येत, काठीच्या डोक्याचा पुढचा भाग जमिनीवरून उचलला जाई, आणि चेंडू डावीकडे पळे. शिवाय लांबी कमी केल्यानें काठी हलकी व सोपी होते हा आमचा समज निवळ अज्ञानाचा होता. दांड्याचा एक इंच कापला कीं उरलेला दांडा अधिक ताठ वागतो, आणि टोंकाच्या डोक्याचें वजन हाताला पूर्वीसारखें जाणवेनासें होतें. गोल्फच्या काठीचा दांडा मारतांना किंचित् लवतो आणि चेंडूशीं गांठ पडण्याच्या सुमारास परत सरळ होतो. या लवण्याचा मेळ मारणाराच्या वेगाशीं बसावा लागतो. ज्याचा वेग कमी त्याला अधिक लवणारा दांडा सुखाचा. म्हणजे पुरुषाची काठी कापून स्त्रीला देणारा मनुष्य तिला अगदीं उलट औषध देतो. मूळचा दांडा पोलादी, वजनानें सुमारें १२० ग्रॅम. तें ओझें एका इंचानें कितीसें कमी होणार?

सहा आठवड्यांत त्यांचा उजवा खांदा धरला आणि पाठ दुखूं लागली. आम्हीं उपदेशांत कसर ठेवली नाहीं. ‘मान खालीं ठेव’, ‘डावा हात सरळ’, ‘घाई करूं नको’. वर्गांत उत्तर न येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही ज्या सौम्य स्वरांत बोलतों त्याच स्वरांत. अखेर एके रविवारीं त्या म्हणाल्या, “माझ्यानें आतां होत नाहीं. वय झालें.” आणि पुन्हां पुस्तक घेऊन बांकावर बसल्या. आम्हांला वाईट वाटलें. परंतु खरें सांगायचें तर मनाच्या एका कोपऱ्यांत ‘चला, प्रयत्न तर केला’ असें समाधानही वाटलें. तें समाधान आज आम्हांला त्या कापलेल्या इंचाहून अधिक टोंचतें.

हा एक इंच मूळ आला कोठून, हें शोधावें म्हणून आम्हीं या खेळाचा इतिहास चाळला. पुस्तकी माणसाला पश्चात्तापही पुस्तकांतूनच करतां येतो. स्कॉटलंडमध्यें मसलबर्ग येथील गोल्फमंडळानें १८१० च्या डिसेंबरांत असें ठरविलें कीं, नववर्षाच्या सुमारास गांवच्या कोळणींचा सामना व्हावा, आणि सर्वांत चांगलें खेळणारीला मासळीची नवी टोपली व शाल बक्षीस द्यावी. पाठीवर मासळीची ओझीं वाहणाऱ्या त्या बायकांनीं काठी किती उंच उचलावी याची चिंता कोणाला पडल्याचें दिसत नाहीं. ती चिंता पुढें घरंदाज बायका मैदानावर आल्या तेव्हां सुरू झाली. सेंट अँड्र्यूज येथें १८६७ सालीं स्त्रियांचें मंडळ निघालें, तें केवळ हिरवळीवरून हलकेंच चेंडू ढकलून भोंकांत घालण्याच्या खेळापुरतें. त्यांच्या हिरवळीवर लहान लहान टेकाडें आहेत, म्हणून तिला ‘हिमालय’ म्हणतात. आमच्या हिमालयाचें नांव त्या बायकांच्या चार पावलांच्या अंगणाला मिळालेलें पाहून हंसावें कीं काय करावें, तें आम्हांला समजेना.

१८९० सालीं ‘बॅडमिंटन ग्रंथमालें’त गोल्फवरील पुस्तक निघालें, त्यांत लॉर्ड वेलवुड नांवाच्या गृहस्थांनीं या अंगणाची तात्त्विक बाजू मांडली आहे. स्त्रियांनीं सत्तर-ऐंशी यार्डांपलीकडे चेंडू मारूं नये असें त्यांचें मत. त्यांच्या अंगीं बळ नाहीं असें त्यांचें म्हणणें नव्हे. परंतु याहून दूर मारायचें तर काठी खांद्याच्या वर न्यावी लागते, आणि तें स्त्रीच्या वेषाला शोभत नाहीं! पुढें तीनच वर्षांनीं, १८९३ सालीं, ब्रिटनमध्यें स्त्रियांची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. ती लेडी मार्गारेट स्कॉट हिनें जिंकली. १८९४ ची तिनेंच, १८९५ चीही तिनेंच. तिचीं छायाचित्रें आजही पाहावयास मिळतात. पायघोळ झगा, गळ्याशीं बंद पोलकें, डोक्यावर टोपी. आणि काठी खांद्याच्या वर जाऊन पाठीमागून पार खालीं उतरलेली. लॉर्डसाहेबांना याहून सभ्य उत्तर कोणी दिलें नसेल. तथापि पुस्तकी मतें सहसा मरत नाहींत, नुसते कपडे बदलतात. सेंट अँड्र्यूज येथील ज्या रॉयल अँड एन्शंट क्लबाची स्थापना १७५४ सालची, त्यानें स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१४ सालीं.

इतकें वाचून शहाणे झालेल्या आम्हीं यानंतर काय केलें असेल? सौभाग्यवतींच्या वाढदिवसाला खास ‘लेडीज’ संच आणला! दुकानदारानें एकच प्रश्न विचारला, “लेडीज कीं जेंट्स?” आम्हीं ‘लेडीज’ म्हणालों आणि निवड संपली. पिशवी गुलाबी, मुठी गुलाबी, काठ्यांचीं डोकीं हलकीं, दांडे ग्राफाइटचे आणि वेतासारखे लवचिक. लांबी मात्र पुन्हां तीच, पुरुषांच्या काठीहून इंचभर कमी. सौभाग्यवतींनीं तो रंग पाहून एक दीर्घ श्वास घेतला, आणि आमचा विरस होऊं नये म्हणून पुन्हां मैदानावर आल्या.

त्या मात्र गणिताच्या शिक्षिका. या वेळीं त्यांनीं बरोबर एक चौकटीची वही आणली, आणि पांच रविवार प्रत्येक चेंडू कोठें पडला तें टिपून ठेवलें. कापलेल्या काठ्यांनींही काहीं चेंडू मारून त्यांची वेगळी नोंद केली. पांचव्या रविवारीं वही आमच्यापुढें ठेवून म्हणाल्या, “हें पाहा. तुमच्या काठीनें चेंडू डावीकडे जातो, पण दर वेळीं जवळजवळ तितकाच जातो. या गुलाबी काठीनें तो उंच उडतो, आणि कोठेंही जातो. डोकें कोठें आहे हें हाताला कळतच नाहीं. दोन्ही वेळां मारणारी मीच आहें. मग चूक काठीची कीं माझी, हें ठरवायचें कसें?”

तीस वर्षें वाङ्मयाचा अर्थ लावणाऱ्या आमच्यापाशीं याला उत्तर नव्हतें. त्या म्हणाल्या, “मला कोणीतरी मोजलें पाहिजे.”

मुंबईस काठ्या मापानें बेतून देणारें एक दुकान आहे असें कळलें, तेव्हां आम्ही दोघें तेथें गेलों. माप घेणारा तरुण तिशीच्या आंतला होता. त्यानें काठीला हातही न लावतां आधीं प्रश्न विचारले. किती दिवस खेळतां, कोठें दुखतें, कोणता फटका बसला कीं बरें वाटतें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं तत्परतेनें दिलीं. तिसऱ्याला तोंड उघडतांच तो नम्रपणें म्हणाला, “सर, काकूंनाच सांगूं द्या.” आम्ही खुर्चीवर बसलों.

मग मोजमाप सुरू झालें. उंची तर घेतलीच. परंतु केवळ उंचीनें भागत नाहीं. हात सैल सोडून उभें राहिल्यावर मनगटापासून जमिनीपर्यंत किती अंतर उरतें तें पाहिलें, कारण उंच माणसाचे हातही लांब असले तर त्याला लांब काठी लागतेच असें नाहीं. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत पंजा मोजला, कारण मुठीची जाडी त्यावर ठरते. मूठ बारीक पडली तर बोटें अधिक आंवळलीं जातात आणि मनगटें नको तितकीं वळतात. काठीच्या तळाला चिकटपट्टी लावून एका कठीण फळीवरून चेंडू मारावयास लावले; पट्टी मध्यें घासली गेली तर डोक्याचा कोन बरोबर, टांचेकडे घासली गेली तर काठी फार उभी, पुढें घासली गेली तर फार निजलेली. मारण्याच्या जागेच्या मागें एक यंत्र होतें, तें प्रत्येक फटक्याचा वेग सांगे. दर चार-पांच चेंडूंनंतर तो तरुण दांडा बदली, डोकें तेंच ठेवी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा वहीचाच न्याय सौभाग्यवतींना तेथें दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गांत चांगला विद्यार्थी भेटल्याचा आनंद उमटला.

ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची काठी. तिच्या डोक्याचा त्यांचा वेग ताशीं ७४ मैल भरला. तो तरुण म्हणाला, ‘लेडीज’ म्हणून विकले जाणारे दांडे याहून पुष्कळ सावकाश मारणारांसाठीं असतात, म्हणूनच गुलाबी काठी हातांत लटपटत होती. अमेरिकेच्या व्यावसायिक स्त्रियांचा सरासरी वेग ताशीं सुमारें ९४ मैल असतो. सामान्य हौशी पुरुषाचाही जवळजवळ तेवढाच. मग ‘बायकांचा दांडा’ या शब्दांना अर्थ तो काय राहिला? त्यांतून, कोणत्या दांड्याला लवचिक म्हणावें आणि कोणत्याला ताठ, याचें सर्व कारखान्यांना मान्य असें एक प्रमाणही नाहीं. एकाचा ‘मध्यम’ तो दुसऱ्याचा ‘ताठ’. अक्षर पाहून काठी घेणें म्हणजे पुठ्ठा पाहून पुस्तक घेण्यासारखें आहे. आणि पुस्तकांच्या बाबतींत हा उपदेश आम्ही दर जूनमध्यें नव्या वर्गाला करीत आलों आहों.

शेवटीं जें जमलें तें असें. लांबी पुरुषांच्या नेहमींच्या काठीइतकी. दांडा ग्राफाइटचा, सुमारें ६० ग्रॅमचा, म्हणजे पोलादी दांड्याच्या निम्मा. मूठ पुरुषांच्या साधारण मापाची, कारण पंजा मोठा. ड्रायव्हरच्या मुखाचा कल १२ अंश; वेग बेताचा असेल तर चेंडू हवेंत टिकण्यासाठीं कल अधिक लागतो, आणि कमी कलाची काठी घेऊन जोर करणें हा केवळ अभिमानाचा व्यायाम आहे. लांब दांड्याच्या, अरुंद डोक्याच्या तिसऱ्या व चौथ्या नंबरच्या लोखंडी काठ्या त्यानें काढूनच टाकल्या आणि त्यांच्या जागीं रुंद तळाच्या, चेंडू सहज उचलणाऱ्या दोन काठ्या दिल्या. नियमानें पिशवींत चौदांहून अधिक काठ्या ठेवतां येत नाहींत. अमेरिकेंत ही मर्यादा १९३८ सालीं आली. सौभाग्यवतींनीं नऊच घेतल्या. “बाकीच्यांची गरज पडली तर मागाहून पाहूं,” असें त्या म्हणाल्या, आणि तो तरुण म्हणाला, “हें मला सांगावें लागतें, काकू, तुम्ही पहिल्याच आहांत.”

राहिला दांड्याच्या लवचिकपणाचा प्रश्न. तो सांगतांना तरुण जरा अडखळला. जो दांडा अचूक बसला त्याला बाजारांत ‘सीनियर’, म्हणजे वयोवृद्धांचा, म्हणतात. सौभाग्यवती खळखळून हंसल्या. “त्यांनाही मोजा कीं,” त्या आमच्याकडे बोट करून म्हणाल्या. आम्ही नको नको म्हणत असतां आम्हांला उभें करण्यांत आलें. यंत्रानें आमचा वेग ८१ मैल दाखविला. आमच्या नव्या काठ्यांवर ‘ताठ’ अशी खूण होती. दुकानांत ती आम्हीं स्वतः होऊन निवडली होती, कारण ‘मध्यम’ म्हणवून घेणें जड गेलें होतें. आम्हांलाही तोच वयोवृद्धांचा दांडा योग्य ठरला. एका घरांत एक बाई ‘बाई’ या शब्दाखालीं आणि एक पुरुष ‘पुरुष’ या शब्दाखालीं चुकीची काठी फिरवीत होता. फरक इतकाच कीं, आमचा शब्द आम्हीं आपण होऊन घेतला होता, त्यांचा त्यांना दिला गेला होता.

वेगाचा मोह आम्हांला अजून पुरता सुटलेला नाहीं. तो वर आला कीं आम्ही २०२१ च्या ऑगस्टांतील टोकियोच्या ऑलिंपिकची आठवण करतों. बंगळूरची अदिति अशोक तेथें चौथी आली. तिसऱ्या क्रमांकापासून ती एका फटक्यानें दूर राहिली. चेंडू लांब मारण्यांत ती बहुतेक प्रतिस्पर्धिनींच्या मागें होती. दुसऱ्या जेथून आंखूड काठीनें हिरवळ गांठीत, तेथें तिला पुष्कळ मागून लांब पल्ल्याची काठी घ्यावी लागे. त्या काठीवर आणि हिरवळीवरच्या नजरेवर ती चार दिवस पहिल्या तिघींच्या बरोबरीनें टिकली. पिशवी तिची आई वाहत होती. पहांटे उठून दूरदर्शनसंचापुढें बसलेल्या आमच्या घरांत त्या वेळीं गोल्फ खेळणारें एकच माणूस होतें. दुसरें शेजारीं बसून चहा गाळीत होतें.

मुंबईहून परतलों त्याच संध्याकाळची गोष्ट. सौभाग्यवती ओट्याशीं उभ्या राहून भाजी चिरीत होत्या. आम्ही पाणी पिण्यास आंत गेलों आणि दारांतच थबकलों. पाठीचा तो बांक आम्हीं ओळखला. कापलेली काठी घेऊन उभ्या राहत तेव्हां त्या अगदीं अशाच वांकत. आम्हीं खणांतून मोजपट्टी काढली. ओटा एकोणतीस इंच भरला.

सत्तावीस वर्षांपूर्वीं हें घर बांधलें तेव्हां गवंड्यानें विचारलें होतें, “साहेब, ओटा किती उंच ठेवूं?” आम्ही आईला हांक मारली. आमच्या मातोश्री चार फूट नऊ इंच. त्यांनीं भिंतीवर तळहात टेंकून जागा दाखविली, गवंड्यानें खूण केली. सौभाग्यवती त्या वेळीं सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन मागें उभ्या होत्या, हें आम्हांला स्पष्ट आठवतें. मातोश्रींना जाऊन आतां बारा वर्षें झालीं.

“हा ओटा तुला कधीं बुटका वाटला नाहीं?” आम्हीं विचारलें.

“सत्तावीस वर्षें वाटतो आहे.”

“मग बोलली कां नाहींस?”

त्या विळी बाजूला ठेवून थोडा वेळ विचार करीत राहिल्या. या वेळीं त्यांनीं ‘तुम्हीं विचारलें नाहीं’ असें म्हटलें नाहीं. तें म्हटलें असतें तर आम्हांला सोपें गेलें असतें. त्या म्हणाल्या, “सासूबाईंना तो बरोबर होता. पुढें पाठ दुखूं लागली तेव्हां मला ओटा आठवलाच नाहीं. वाटलें, या वयांत बायकांची पाठ दुखायचीच.”

मैदानावर त्या ‘वय झालें’ म्हणाल्या होत्या तेंही याच स्वरांत. जें माप चुकीचें आहे तें पुष्कळ वर्षें वापरलें कीं, मनुष्य मापाला दोष देत नाहीं, स्वतःच्या अंगाला देतो. आणि माप ठरविणारा शेजारीं बसून ‘मान खालीं ठेव’ म्हणून शिकवीत असतो. आम्हीं कधीं त्यांना अधिक-उणा शब्द बोललों नाहीं, त्यांच्या नोकरीच्या आड आलों नाहीं, स्त्रीशिक्षणावर व्याख्यानें दिलीं. तीं सर्व व्याख्यानें एकोणतीस इंच उंचीच्या एका दगडी ओट्यावर भाजी चिरली जात असतां दिलेलीं होतीं.

दिवाळीपूर्वीं गवंडी आला. हा त्या पहिल्या गवंड्याचा मुलगा. त्यानेंही आमच्याकडेच पाहून विचारलें, “साहेब, किती?” आम्हीं सौभाग्यवतींकडे बोट केलें. त्यांनीं कोंपर वांकवून हात पुढें धरला, त्याच्याखालीं थोडी जागा सोडून पेन्सिलीनें स्वतःच रेघ ओढली, आणि मग मोजपट्टी लावून ‘छत्तीस’ म्हणून सांगितलें.

आतां रविवारीं आम्ही दोघेंही आपापल्या ‘वयोवृद्ध’ काठ्या घेऊन मैदानावर जातों. खांदा बरा आहे. पाठ एवढ्या वर्षांची, ती सावकाश उतरेल असें डॉक्टर म्हणतात. सौभाग्यवतींचा चेंडू पुष्कळदां आमच्या चेंडूच्या पुढें जाऊन पडतो आणि त्याची नोंद वहींत होते. घरीं एक नवी अडचण मात्र उत्पन्न झाली आहे. सकाळचा चहा आम्ही करतों, आणि नवा ओटा आम्हांला उंच पडतो. परवां आम्ही टांचा उंचावून आधण पाहत असतां सौभाग्यवतींनीं माळ्यावरून एक जुना पाट काढून आणला आणि कांहीं न बोलतां आमच्या पायांशीं ठेवला.